वाळवंटी नदीच्या पात्राची रुंदी मोजताय? या चुका टाळा

अ‍ॅरिझोनातल्या सॅफर्ड खोऱ्यात हीला नदीचं पात्र १८७५ साली सरासरी ४५ मीटरपेक्षाही कमी रुंद होतं. १९६४ साली ते ६० मीटरच्या आतच होतं. एवढे दोनच आकडे हाती असतील तर कुणीही म्हणेल, नव्वद वर्षांत नदी जवळपास जशीच्या तशी राहिली. मधली गोष्ट वेगळीच आहे. १९०५ ते १९१७ या काळातल्या मोठ्या पुरांनी पूरमैदान खरवडून नेलं आणि पात्र ६०० मीटरच्या घरात गेलं. पुढची चार-पाच दशकं नदी गाळ टाकत, काठ भरत स्वतःला आवळत राहिली. १९६४ नंतर ती थोडी रुंदावली आणि १९६८ मध्ये सरासरी पुन्हा १२० मीटरच्या आसपास! हे आकडे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या १९७२ च्या अहवालातले आहेत.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नदीचं जुनं आणि नवं चित्र (हवाई किंवा उपग्रहाचं) घेऊन मधे सरळ रेघ मारणं. 'दरवर्षी अमुक मीटर' हा हिशेब वाळवंटी नदीला लागू पडत नाही. ती एका पुरात फाटते आणि मग वर्षानुवर्षं सावकाश भरत येते. मिळतील तेवढ्या सालांची चित्रं घ्या आणि त्याच कालरेषेखाली दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या पुराचा विसर्ग मांडा. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये हीलाला प्रचंड पूर आला होता. तुमच्याकडची चित्रं त्याच्या बरीच आधीची आणि बरीच नंतरची असतील, तर पात्र नेमकं किती फाटलं होतं हे त्यातून कळणार नाही. तिथे रेघ तुटकच ठेवा.

पाणी म्हणजे पात्र नव्हे

लँडसॅट या उपग्रहाची इमेज उघडायची, पाण्याचा निर्देशांक (पाणी असलेले पिक्सेल वेगळे काढणारं गणित) चालवायचा आणि निळ्या पिक्सेलची रुंदी काढायची, हा हल्लीचा झटपट मार्ग. बारमाही नदीला एखादवेळ चालेल. इथे जूनमध्ये पाणी कालव्यांत वळवलेलं असतं आणि नदीत नुसती वाळू. ऑगस्टमध्ये वादळी पाऊस झाला की तेच पात्र काठोकाठ. म्हणजे तुम्ही नदी मोजत नाही, तारीख मोजता. शिवाय लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा. ६० मीटरच्या पात्रात असे दोनच बसतात, त्यातही कडेचे अर्धी वाळू, अर्धी झाडी असे मिसळलेले.

मोजायचं ते सक्रिय पात्र: पाण्याची धार, उघडी वाळू आणि गोटे, कायमची झाडी सुरू होते तिथपर्यंत. तरी काठावर दोन फसवे प्रकार भेटतातच. ओला हिवाळा गेला की वाळूच्या पट्ट्यावर हंगामी तण माजतं आणि नदी अरुंद झाल्याचा भास होतो. अशा वेळी पुढच्या एक-दोन वर्षांची चित्रं पाहा, पुरात गेलं ते तण. दुसरा फसवा म्हणजे झाऊ, नदीकाठी माजणारं झुडूप. त्याचा घेर काठावरून आत झुकलेला असतो आणि वरून पाहताना दोन-तीन मीटर सहज खाऊन टाकतो. शक्य असेल तर जोडचित्रांत (एकाच जागेच्या, उंची दाखवणाऱ्या दोन चित्रांत) काठाची दरड शोधून तीच धरा. मधली झाडीची बेटं पात्रात धरायची की वगळायची, हे आधीच लिहून ठेवा आणि सगळ्या सालांना तोच नियम लावा.

जुने नकाशे आणि साखळीचं माप

एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-मोजणीच्या नकाशांवर नदीचे दोन्ही काठ ऐटीत काढलेले दिसतात. भुलू नका. मोजणीदाराने नदी खरोखर मोजली ती बहुधा त्याची मोजणीरेषा जिथे नदी ओलांडते तिथे, मधलं बरंचसं नजरेने. वापरायचं ते ओलांडणीचं माप, आणि तेही तपासून. समजा नोंद ५ साखळ्यांची आहे. एक साखळी ६६ फुटांची, म्हणजे झाले सुमारे १०० मीटर. पण रेषा नदीला ४५ अंशांत छेदत असेल तर खरी रुंदी सुमारे ७१ मीटरच भरते. ही दुरुस्ती विसरली की जुनी नदी उगाचच रुंद ठरते.

हवाई छायाचित्रांत सगळा घोळ जिओरेफरन्सिंगचा, म्हणजे चित्र नकाशावर नेमक्या जागी बसवण्याचा, असं मानलं जातं. चित्र नुसतं सरकलं असेल तर काठाची जागा चुकते, रुंदी फारशी नाही. रुंदीला खरा धोका चुकलेल्या स्केलचा आणि काठ आखणाऱ्या हाताचा. प्रत्येक काठाला ५ मीटरची चूक धरली आणि या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या (म्हणून सरळ बेरीज होत नाही) तर रुंदीत सुमारे ७ आणि दोन सालांच्या फरकात १० मीटर होते. मग '६ मीटरने अरुंद झाली' या वाक्याला अर्थ उरत नाही.

विसर्गमापन केंद्राजवळची रुंदी खोऱ्याची म्हणून देऊ नका. केंद्रं मुद्दाम खडकाळ, स्थिर जागी बांधतात, पुलाजवळ तर नदी आधीच दाबलेली. सगळ्या पट्ट्याचं क्षेत्रफळ काढून मध्यरेषेच्या लांबीने भागा.

राहिलं कारण. नदी आक्रसली की बोट धरणाकडे जातं, नाहीतर झाऊकडे. सॅफर्ड खोऱ्याच्या वर मोठं साठवण धरण नाही, कूलिज धरण खाली आहे, तरीही पात्र अरुंद झालं. झाऊ त्याच काळात पसरला, पण त्याने गाळ अडवला की साचलेल्या गाळावर तो उगवला, हे नुसत्या रुंदीवरून ठरत नाही. त्यासाठी काठाचे थर उकरून खोडं कुठपर्यंत गाडली गेली आहेत ते पाहावं लागतं. आणि जिथे शेत वाचवायला मातीचे बांध घातले आहेत, ते पट्टे सरासरीत न मिसळता वेगळे दाखवा.