आलिशान एसयूव्हीचे रिकॉल आणि तक्रारी: काय वाचायचं, काय तपासायचं

एखाद्या महागड्या एसयूव्हीच्या नावापुढे पंधरा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) दिसले की ती गाडी वाईट आणि दोनच दिसले की निर्धोक, असं समजणारे बरेच असतात. हा हिशेब फसवा आहे. रिकॉल निघतो तो जिवाला धोका असेल तर किंवा सुरक्षेचा एखादा नियम मोडला असेल तर. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे, असा तिथला नियम. त्यामुळे स्क्रीनचं सॉफ्टवेअर अडखळलं तरी तिथे रिकॉल निघतो आणि आकडा फुगतो. उलट एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलणारा, हवेचा फुगा गळून गाडी एका बाजूला बसली, तर खर्च भरपूर होतो, पण रिकॉल बहुधा निघत नाही. म्हणून रिकॉलची यादी जिवासाठी वाचायची आणि मालकांच्या तक्रारी खिशासाठी.

आधी चेसिस नंबर

मॉडेलचं नाव टाकून शोधू नका. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी एक रिकॉलमध्ये असते आणि दुसरी नसते, कारण रिकॉल साधारणपणे ठरावीक तारखांदरम्यान बनलेल्या किंवा ठरावीक पुरवठादाराचा भाग बसवलेल्या गाड्यांपुरता असतो. १७ अक्षरी नंबर समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर आणि नोंदणीपत्रावर सापडतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दिसलीच तर तो एक किंवा शून्य आहे, तुम्ही चुकीचं वाचलंय.

हा नंबर कंपनीच्या तुमच्या देशातल्या साइटवर टाका. अमेरिकी वाहन सुरक्षा यंत्रणा एनएचटीएसएची साइट कुठूनही उघडते आणि दोषाचं वर्णन समजून घ्यायला ती फार उपयोगी आहे, पण नंबरवरून मिळणारं तिचं उत्तर अमेरिकेत विकलेल्या गाड्यांपुरतंच धरा. शिवाय तिथे फक्त दुरुस्ती न झालेले रिकॉल दिसतात, आणि तेही गेल्या १५ वर्षांतले. नुकत्याच जाहीर झालेल्या रिकॉलचे सगळे नंबर लगेच चढलेले नसतात. आज काही दिसलं नाही तरी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहा.

पत्रातला इशारा

कंपनीचं रिकॉलचं पत्र आलं की आधी भागाचं नाव नको, इशारा वाचा. ‘गाडी चालवू नका’ आणि ‘घराबाहेर, उघड्यावर उभी करा’ ही दोन वाक्यं सोयीच्या अपॉइंटमेंटसाठी थांबायची नाहीत. पहिलं वाक्य असेल तर टोइंग मागा. असा इशारा दिल्यावर बऱ्याचदा कंपनीच ते फुकट देते.

मर्सिडीजचं २०२२ चं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. २००४ ते २०१५ दरम्यान बनलेल्या एमएल, जीएल आणि आर-क्लास अशा जगभरातल्या जवळपास दहा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे पायाच्या दाबाला जोड देणाऱ्या भागाच्या, डब्यावर रबराचं आवरण होतं. त्याखाली ओल साचून पत्रा गंजायचा. गंज वाढला की डब्यात बाहेरची हवा शिरते, ब्रेकची मदत कमी होते आणि पेडल जास्त जोराने दाबावं लागतं. गंज फारच पुढे गेला असेल, तर जोरात ब्रेक मारताना पेडलचा ब्रेकशी संबंधच तुटू शकतो. अमेरिकेतल्या सुमारे २ लाख ९२ हजार मालकांना तर गाडी चालवूच नका असं सांगण्यात आलं. उपाय मात्र साधा होता: आवरण काढायचं, पत्रा तपासायचा, गंज खोल असेल तर बूस्टर बदलायचा. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ब्रेक दाबताना फुस्स आवाज येणं किंवा पेडल कडक लागणं कधीच ‘जुन्या गाडीचं असतंच’ म्हणून सोडू नये. आणि दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेतानाही रिकॉल तपासावा.

‘उघड्यावर उभी करा’चं उदाहरण म्हणजे जग्वार आय-पेस. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या २०१९ च्या आय-पेस मालकांना बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करा आणि गाडी इमारतीपासून दूर ठेवा, असं कळवलं गेलं. तात्पुरता उपाय असा असतो. तो पाळला तरी रिकॉल पूर्ण झाला असं होत नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगमध्येही काही गाड्यांना आधी त्याच प्रकारचा नवा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) बसवला गेला आणि पुढे तोही बदलावा लागला. म्हणून ‘रिकॉल झालाय’ एवढ्यावर थांबू नका. कायमचा उपाय झाला की तात्पुरता, हे विचारा.

तक्रारींचा ढीग कसा चाळायचा

तक्रार म्हणजे मालकाचं म्हणणं, कोणी तपासलेलं नसतं. त्यातच एक माणूस एकच घटना तीन भागांखाली नोंदवतो आणि जास्त खपणाऱ्या गाडीच्या तक्रारीही जास्तच असणार. आकडा सोडा, नमुना शोधा: तेच लक्षण, जवळपास तेवढ्याच किलोमीटरला, अनोळखी लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं. ‘भयानक गाडी’ हे निरुपयोगी. ‘९० हजार किलोमीटरनंतर रात्रभर उभी केली की पुढची डावी बाजू खाली बसते’ हे सोन्यासारखं.

ठरावीक दोष कसा दुरुस्त करायचा हे सांगणारी, कंपनी डीलरला पाठवते ती टेक्निकल सर्व्हिस बुलेटिनही याच वेळी शोधा. ती रिकॉल नसते, दुरुस्ती फुकट मिळेलच असं नाही, पण दोष कंपनीला माहीत आहे याचा कागद तुमच्या हातात येतो. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर खर्चात वाटा मागायला तो उपयोगी पडतो.

वर्कशॉपला जाण्याआधी

डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा इशारे आले तर आधी १२ व्होल्टची बॅटरी मोजा. गाडी काही तास बंद ठेवल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली म्हणजे निम्म्याहून रिकामी. कमी व्होल्टेजला मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि सस्पेन्शनपासून ब्रेकपर्यंत सगळ्यांच्या नावाने खोटे इशारे देतात. ब्रेकचा म्हणून नोंदवलेला दोष कधीकधी एका थकलेल्या बॅटरीचा निघतो.

एअर सस्पेन्शनसाठी संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, सकाळी गाडी चालू न करता पुन्हा मोजा. सगळे कोपरे थोडे उतरले तर फारसं बिघडत नाही. एकच कोपरा बराच खाली असेल, तर फुग्याच्या घडीवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे तिथेच येतील. असं वापरत राहिलात तर गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो. मग एका भागाऐवजी दोन बदलावे लागतात.

पॅनोरमिक सनरूफ असेल तर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या पन्हळीत कपभर पाणी सावकाश ओता. ते गाडीखाली टपकायला हवं. टपकलं नाही तर निचऱ्याची नळी तुंबली आहे किंवा निसटली आहे. पाणी गालिच्याखाली जातं, आणि काही गाड्यांत महागडी मॉड्यूलं नेमकी तिथेच बसवलेली असतात.

तक्रार लिहिताना

तारीख, किलोमीटर, वेग, गिअर, हवामान, स्क्रीनवर आलेला इशारा शब्दशः आणि त्यानंतर गाडीने काय केलं, एवढं लिहा. फोटो शेजारी बसलेल्याने काढावा. गाडीने साठवलेले दोषाचे कोड पुसण्याआधी ओबीडी रीडरने (गाडीच्या सॉकेटला जोडून कोड वाचणारं छोटं यंत्र) वाचून ठेवा. वर्कशॉपने पुसल्यावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळतो आणि पुरावा संपतो. दोष अधूनमधून येत असेल तर टेक्निशियनला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवा. तक्रार कंपनीकडे करा आणि तुमच्या देशातल्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडेही, कारण चौकशी सुरू करायला त्यांना असेच सारखे नमुने लागतात.

रिकॉलचं काम झालं की जॉब कार्डवर रिकॉल मोहिमेचा क्रमांक, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि सॉफ्टवेअर असेल तर आधीची-नंतरची आवृत्ती लिहून घ्या. ‘अपडेट केलं’ एवढंच लिहून देत असतील तर सही करू नका. आठवडाभराने चेसिस नंबर पुन्हा टाका. रिकॉल अजून बाकी दिसत असेल, तर काम नोंदवलं गेलेलं नाही किंवा झालेलंच नाही. जॉब कार्ड घेऊन परत जा.