लोड मॉनिटरचा अलार्म रिले: आधी वायर, मग आकडे

एक पंप माझ्या डोळ्यांदेखत नाही, पण माझ्याच हातच्या वायरिंगवर रात्रभर कोरडा फिरला. लोड मॉनिटर, म्हणजे मोटरची पॉवर मोजून लोड मर्यादेबाहेर गेला की तिला बंद करणारे उपकरण, बसवलेला होता आणि त्याचे सेटिंग अगदी बरोबर होते. पण मॉनिटरच्या सप्लायचा फ्यूज उडालेला, स्क्रीन काळी, आणि पंप आपला चालूच. अलार्म आला की मॉनिटरचा रिले (कॉइलला वीज मिळाली की ओढला जाणारा छोटा स्विच) ओढायचा आणि पंप बंद करायचा, अशी जोडणी मी केली होती. जो स्वतःच मेला तो काय ओढणार? सकाळी पंपाच्या शाफ्टवरचे पाणी अडवणारे मेकॅनिकल सील जळून गेलेले. तेव्हापासून आकड्यांना हात लावण्याआधी मी रिले बघतो.

ट्रिपचा, म्हणजे मोटर बंद करणारा रिले फेल-सेफ ठेवा: सगळे ठीक असताना कॉइल ओढलेली, अलार्म आला किंवा सप्लाय गेला की सुटलेली. म्हणजे कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या सिरीजमध्ये टर्मिनलवर ‘एनओ’ (नॉर्मली ओपन, एरवी उघडा) लिहिलेला काँटॅक्ट जाईल. इथे पुष्कळ जण फसतात, कारण टर्मिनलवरची खूण सप्लाय नसतानाची असते आणि मेनूतल्या एनओ-एनसीचा (एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) अर्थ प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा निघतो. म्हणून मी मेनूवर विश्वास ठेवत नाही. मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावतो, रिलेच्या दोन्ही वायरी काढतो, मग मॉनिटरला तेवढा वेगळा सप्लाय देऊन मल्टिमीटरचा बझर लावतो. सप्लाय नाही: गप्प. सप्लाय आहे, अलार्म नाही: वाजला पाहिजे. सप्लाय पुन्हा काढला: गप्प. आणि हो, मॉनिटरचा सप्लाय कॉन्टॅक्टरच्या आधीहून घ्या. नंतरहून घेतलात तर रिले ओढणार नाही आणि मोटर कधी सुरूच होणार नाही.

सीटी (मोटरचा करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) हा मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या फेजवरच हवा, नाहीतर पॉवरचे गणित चुकते. सीटीचा रेशो, मोटरचे किलोवॅट आणि व्होल्टेज नेमप्लेट बघून भरा.

आता मर्यादा. नुसत्या अँपिअरवर अंडरलोड (लोड नेहमीपेक्षा कमी होणे) पकडायला जाऊ नका. एका १५ किलोवॅटच्या पंपावर नेहमीचा करंट २१ अँपिअर आणि मॉनिटरवर ११ किलोवॅट. डिलिव्हरी व्हॉल्व्ह काही सेकंद बंद केला, तर १५ अँपिअर आणि ६.५ किलोवॅट. कपलिंग सोडून नुसती मोटर फिरवली, तरी टाँग टेस्टर (वायरभोवती लावायचा करंट मीटर) १०.५ अँपिअर दाखवत होता! मोटरचे चुंबकीय क्षेत्र उभे करणारा मॅग्नेटायझिंग करंट कुठे जात नाही, पॉवर फॅक्टर (करंटमधला खरे काम करणारा वाटा) तेवढा पडतो. शाफ्ट पॉवर, म्हणजे मॉनिटरवरचा किलोवॅटचा आकडा, मात्र खाली येते.

ऑटोसेटचे (मर्यादा आपोआप ठरवण्याचे) बटण सोयीचे आहे, पण ते त्या क्षणाचा लोड धरते. मोटर तापू द्या, पूर्ण शिफ्ट वाचन लिहा. वरच्या पंपावर ते १०.२ ते ११.४ किलोवॅटमध्ये हलत होते. मी अंडरलोडचा प्री-अलार्म (ट्रिपच्या आधीचा इशारा) ९.३ वर आणि ट्रिप ८ वर ठेवली, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहिला तरी पकडला जाईल. वरच्या बाजूला, म्हणजे ओव्हरलोडला, १२.३ आणि १३.५. प्री-अलार्म दुसऱ्या रिलेवर, फक्त हूटरला. थर्मल ओव्हरलोड रिले (जास्त करंटने तापून मोटर तोडणारा) काढायचा नाही. मॉनिटर त्याच्या जोडीला असतो, जागी नाही.

स्टार्ट डिले (सुरुवातीला मॉनिटर गप्प राहतो तो वेळ) मोटर पूर्ण वेगात येण्याच्या वेळेपेक्षा जास्त हवा. स्टार-डेल्टा स्टार्टर ८ सेकंदांनी स्टारवरून डेल्टावर बदलत होता, मी १२ दिले. रिस्पॉन्स डिले (मर्यादा ओलांडल्यापासून ट्रिपपर्यंतचा वेळ) मशीन बघून: पंपात हवेचा बुडबुडा येतो, म्हणून अंडरलोडला ५ सेकंद, स्क्रू कन्व्हेयर अडकला तर मात्र अर्धा सेकंदही पुष्कळ. ट्रिपला ऑटो रीसेट ठेवू नका. लेव्हल स्विचवरचा पंप कुणी हात घातलेला असताना आपोआप सुरू होईल.

चाचणीसाठी पंप कोरडा चालवू नका. चालू पंपावर अंडरलोडची मर्यादा ८ वरून १२ करा आणि मोजा: पाचव्या सेकंदाला कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे. मर्यादा परत ८ करा (हे मी एकदा विसरलोय), रीसेट करून पंप पुन्हा सुरू करा आणि मग मॉनिटरचा फ्यूज काढा, तेव्हाही कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे. शेवटी पासवर्ड टाका आणि सगळे आकडे तारखेसह पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.