रसाला तार सुटते तिथून: जिवाणूंच्या अंगावरची साखर शिकताना

अण्णा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने आणायचं काम करायचे. गळीत हंगामात अवकाळी पाऊस झाला, टोळ्या अडकल्या आणि तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडून राहिला की घरी येऊन एकच वाक्य: "आज रसाला तार सुटल्या बघ." शिळ्या उसाचा रस बोटांत धरून ताणला की धागा निघतो. पाक घट्ट होतो, साखरेचा दाणा सुईसारखा लांबट येतो, आणि गंमत म्हणजे पोल (प्रकाश किती वळतो त्यावरून काढलेलं साखरेचं प्रमाण) जास्त दिसतो, साखर मात्र तेवढी पोत्यात पडत नाही.

विश्रामबागेत बीएस्सीला असताना कळलं की ती तार म्हणजे डेक्स्ट्रान. ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू रसातलं सुक्रोज फोडतात आणि त्यातल्या ग्लुकोजची लांब माळ ओवतात. डेक्स्ट्रान प्रकाशाचं प्रतल साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे फिरवतं, म्हणून पोल फसतो. जिवाणूंच्या साखरेच्या माळा कशा जोडलेल्या असतात हे शोधायच्या माझ्या विषयाशी ओळख झाली ती अशी, उसाच्या फडातून.

नव्याने येणाऱ्यांना पहिल्यांदा पचायला जड जातं ते हे, की कोणती साखर आहे यापेक्षा ती कशी जोडलीय याला जास्त महत्त्व आहे. ज्वारीची भाकरी आणि ज्वारीचा कडबा, दोन्हींत मुख्यतः ग्लुकोजच. भाकरीतल्या पिठूळ भागात जोड अल्फा १-४ (आकडे म्हणजे कोणते कार्बन जोडलेत, अल्फा-बीटा म्हणजे जोडाची दिशा), कडब्यातल्या सेल्युलोजमध्ये बीटा १-४. एवढ्या फरकावर एक आपल्या ताटात येतं नि दुसरं म्हशीच्या दावणीला. डेक्स्ट्रानमध्ये तोच ग्लुकोज अल्फा १-६ ने जोडलेला, मध्येच १-३ च्या फांद्या.

जिवाणूंच्या पृष्ठभागावर हा खेळ फार पुढे गेलेला आहे. ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅमचा जांभळा रंग धरून न ठेवणाऱ्या) जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्यात लिपोपॉलिसॅकराइड असतं: तळाशी लिपिड ए हा चरबीचा भाग, मग गाभ्यातली साखर, आणि बऱ्याच जातींत बाहेर तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा येणारी ओ-साखळी. कित्येकांना त्याशिवाय साखरेचंच कवचही असतं. न्यूमोनियाच्या न्यूमोकोकसचे कवचावरून शंभरच्या आसपास प्रकार ओळखले गेलेत. त्यातल्या तिसऱ्या प्रकाराचं कवच म्हणजे ग्लुकोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्लाची आलटून-पालटून माळ, बस्स. हे प्रकार वेगळे ठरवणारा पदार्थ प्रथिन नसून साखर आहे, हे हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी १९२३ मध्ये दाखवलं तेव्हा पुष्कळांना खरं वाटलं नव्हतं. मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकस 'बी'चं कवच तर आपल्याच मज्जापेशींवरच्या साखरेसारखं असतं, त्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही आणि नुसत्या त्या साखरेची लस चालत नाही.

आता कामाचं बोलते. साखरेच्या माळांना ना रंग, ना नेहमीच्या यूव्ही डिटेक्टरवर दिसण्याची सोय. मिश्रण वेगळं करणाऱ्या कॉलममधून काय बाहेर पडतंय हे कळायला प्रत्येक नळीत फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल घालून ४९० नॅनोमीटरवर रंग मोजायचा. हात पोळतात, ओढणीला भोकं पडतात (माझ्या दोन गेल्या). ज्यांना पहिल्या महिन्यात रचना काढायची घाई असते ते इथेच कंटाळतात. माझ्या मते या क्षेत्रात तीन भाग शुद्धीकरण आणि एक भाग बुद्धी.

माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मातीतल्या एका जिवाणूपासून मला मॅनोज या साखरेने भरलेलं पॉलिसॅकराइड (साखरेची लांब माळ) मिळालं. अल्फा १-६ चा कणा, १-२ आणि १-३ च्या फांद्या. पाच महिने मी हवेत. मग मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किती घातलंस ग?" तो माध्यमात घातलेल्या यीस्टचा मॅनान (मॅनोजची माळ) होता, जिवाणूशी काडीचा संबंध नाही. तेव्हापासून जिवाणू न घातलेलं कोरं माध्यमही मी त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेते. नमुन्यातले बारीक रेणू काढून टाकायची डायलिसिसची नळीही आधी उकळून, भरपूर पाण्याने धुऊन घ्या. तिच्यावरचं ग्लिसरीन एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना दाखवणारं तंत्र; शिखरांच्या जागा पीपीएम मापात) ३.५ ते ३.८ च्या दरम्यान येऊन बसतं आणि आपण त्याला साखर समजत राहतो.

एनएमआरबद्दल दोनच गोष्टी. साखरेचे अ‍ॅनोमेरिक प्रोटॉन (जोडाच्या पहिल्या कार्बनवरचे हायड्रोजन) साधारण ४.४ ते ५.५ मध्ये दिसतात; तिथली शिखरं मोजली की पुनरावृत्तीच्या तुकड्यात किती साखरा आहेत याचा अंदाज येतो. पण नेमकं ४.७-४.८ ला पाण्याचं शिखर असतं, म्हणून दुसऱ्या तापमानालाही स्पेक्ट्रम घ्या, पाणी सरकतं आणि मागे दडलेलं बाहेर येतं. दुसरं: ग्लुकोजमध्ये अल्फाचं कपलिंग (शेजारच्या अणूमुळे शिखर दुभंगतं ते अंतर) ३-४ हर्ट्झ, बीटाचं ७-८, असं पाठ केलेलं मॅनोजला लावू नका. तिथे दोन्ही लहानच. कार्बन-प्रोटॉन कपलिंग बघावं लागतं, अल्फाला १७० च्या आसपास, बीटाला १६०.

वाटेबद्दल थोडक्यात. बीएस्सीला रसायनशास्त्राबरोबर सूक्ष्मजीवशास्त्र घेतलंत तर उत्तम. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी आहे, संशोधनासाठी नेट परीक्षा. पीएचडी नको असेल तर लसकंपन्यांत गुणवत्ता तपासणीचं काम बघा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक लस २०१० मध्ये आफ्रिकेत दिली जाऊ लागली. त्यात मेनिंगोकोकस 'ए'च्या कवचाची साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निर्विष केलेल्या विषाला) जोडलेली आहे. अशा लसींत साखरेवरचे अ‍ॅसिटाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) शाबूत आहेत का हे पाहणारी माणसं लागतात. आपल्याकडच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

गेल्या हंगामात अण्णांनी विचारलं, "आमच्या रसातली तार तुझ्या मशीनवर दिसती का?" बाटलीभर रस नेला, अल्कोहोलने तार खाली बसवली, धुतली, वाळवली. ४.९८ ला ठसठशीत शिखर आलं आणि ५.३ ला एक बारीकसं. प्रिंट घेऊन घरी गेले. मोठं म्हणजे सरळ माळ, बारीक म्हणजे फांद्या, म्हटलं. अण्णांनी चष्मा वर सरकवला आणि बारीक शिखरावर बोट ठेवून विचारलं, "हे कितीला किती?"


मी पट्टी आणायला उठले.