पथकप्रमुखासाठी रोमन सेनापती: काय उचलावं, काय सोडावं

ढोलपथकाचं प्रमुखपद बहुतेक वेळा चांगल्या वादकाकडे जातं. ताशा कडक वाजतो म्हणून ऐंशी-शंभर पोरापोरींची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. हात तयार असतो, माणसं सांभाळायची सवय नसते. मग नेतृत्वावरची व्याख्यानं ऐकली जातात. त्यात सीझर येतो, स्किपिओ येतो, दोघांचं शौर्य येतं. त्या शौर्याचा पथकाला काडीचा उपयोग नाही. या मंडळींनी रोजच्या कामाची जी घडी बसवली आणि ती बसवताना आधी स्वतःला जो नियम लावला, तेवढंच उचलण्यासारखं आहे.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या. रोमन शिपाई शपथेने बांधलेला असे, पळून गेला तर मरण. तुमचा नाशिकचा वादक सातपूरला ड्युटी संपवून, स्वतःच्या पेट्रोलने सरावाला येतो. उद्यापासून आला नाही तर तुम्ही त्याचं काहीच करू शकत नाही. त्यामुळे शिक्षांचा सगळा भाग बाजूला ठेवा. स्पार्टाकसच्या गुलामांच्या बंडात सेनापती क्रॅससने दहातला एक चिठ्ठी टाकून मारायची जुनी प्रथा पुन्हा काढली होती. 'उशीर झाला की वीस मिनिटं उभं राहा' हा नियम त्याच घराण्यातला, आणि त्याने फक्त नवी मुलं गळतात.

आठांचे गट

साम्राज्याच्या काळात रोमन फौजेत आठ जण एका तंबूत राहत. असे दहा तंबू मिळून ऐंशी जणांची तुकडी आणि तिच्यावर सेंच्युरियन हा अधिकारी. म्हणजे आकार जवळपास तुमच्या पथकाएवढाच. तुम्हीही आठांचे गट पाडा, प्रत्येकात तीन जुने आणि पाच नवे. ढोल, ताशा, ध्वज अशी वाद्यावरून वाटणी नको, घराच्या दिशेने करा: सिडको-अंबडचे एकत्र, पंचवटी-आडगावचे एकत्र, नाशिकरोडचे एकत्र. रात्री सराव सुटल्यावर कोण कोणासोबत गेलं हे गटप्रमुखाला न विचारता कळतं. त्याच्याकडे चारच कामं द्या: हजेरी, पाणी, आपल्या गटाच्या वाद्यांची मोजणी आणि सगळे घरी पोचल्याचा निरोप. मित्रामित्रांचे गट मात्र होऊ देऊ नका. एकाचं बिनसलं की ऐन चतुर्थीच्या आठवड्यात आठही जण गायब होतात.

सेंच्युरियन पुढे असे आणि त्याचा मदतनीस, ऑप्टिओ, रांगेच्या मागे उभा राही. आपल्याकडे सगळे जाणते पुढे, ताशांजवळ. मेन रोडला दोन्हीकडून इमारती, आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि मागचे ढोल अर्धा ठोका मागे पडतात. पुढे उभ्या असलेल्या प्रमुखाला याचा पत्ताही नसतो. एक पक्का वादक ढोल न बांधता शेवटच्या ओळीमागे ठेवा. पुढचा इशारा बघून तो हाताने ठेका देईल. चांगला वादक 'वाया' जातो म्हणून कुणी हे करत नाही, आणि मिरवणुकीत नेमकी मागची ओळ फाटते.

सराव: चार दिवसांचं चक्र

इ.स.पू. २०९ मध्ये मोठ्या स्किपिओने स्पेनमधलं न्यू कार्थेज जिंकलं आणि लगेच सैन्याला सरावाला लावलं. पहिल्या दिवशी पूर्ण शस्त्रांनिशी ३० स्टेड, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर धावणं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर शस्त्रं घासूनपुसून तपासणी. तिसऱ्या दिवशी विश्रांती. चौथ्या दिवशी चामड्याने मढवलेल्या, टोकाला बोंड लावलेल्या लाकडी तलवारींनी लढाई. पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

पथकासाठी हेच असं बसवा. पहिल्या दिवशी ढोल कमरेला बांधून २० मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये ५ मिनिटं पाणी. नवा वादक पहिल्या आठवड्यात दोनच टप्पे करेल. दुसरा दिवस वाद्यांचा: प्रत्येकाने आपल्या ढोलाच्या दोऱ्या, कड्या आणि पान स्वतः तपासायचं, गटप्रमुखाने दुसऱ्यांदा. नाशिकच्या पावसाळी हवेत चामड्याचं पान ओल धरतं आणि आवाज बसतो. मग घाईने दोऱ्या एकाच बाजूने आवळल्या जातात आणि पान कडेने फाटतं. समोरासमोरच्या दोऱ्या थोड्या थोड्या आळीपाळीने ओढायच्या. तिसरा दिवस सुट्टी, आणि ती खरंच द्या. हाताचे फोड सुकायला आणि मनगट सुटायला तेवढा वेळ लागतोच. चौथ्या दिवशी ढोल न बांधता, टिपरू जुन्या टायरवर मारून नवे ठेके. चुका तिथे करू द्या. पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसाचं काम. बहुतेक पथकं रोज पहिला दिवसच करतात, मग विसर्जनाच्या आदल्या दिवशी दहा पानं बदलायची वेळ येते.

निरोप पोचला का?

रोमनांची सगळ्यात उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे लाकडाची एक पाटी. रात्रीचा परवलीचा शब्द तिच्यावर लिहिलेला असे. सूर्यास्ताला छावणीच्या शेवटच्या टोकाच्या तुकडीतला माणूस अधिकाऱ्याच्या तंबूतून ती घेई आणि साक्षीदारांसमोर शेजारच्या तुकडीच्या प्रमुखाला देई. अशी हातोहात जात ती सर्वांत जवळच्या तुकडीपर्यंत येई आणि अंधार पडायच्या आत अधिकाऱ्याकडे परत. पाटी परत आली म्हणजे निरोप सगळ्यांना मिळाला. आली नाही तर खुणांवरून कळे की कुठे अडकली, आणि अडकवणाऱ्याला जाब द्यावा लागे.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वेळ टाकली, खाली चाळीस अंगठे आले, तरी मिरवणूक जिथून निघते त्या वाकडी बारवेला निम्मे जण तासभर उशिरा येतात, ते यामुळेच. अंगठ्यावरून मजकूर वाचला की नाही ते कळत नाही. प्रमुखाने दहाव्या गटाच्या प्रमुखाला फोन करावा, त्याने नवव्याला, नवव्याने आठव्याला, आणि पहिल्या गटाच्या प्रमुखाने तोच निरोप रात्री नऊच्या आत प्रमुखाला म्हणून दाखवावा: जागा, वेळ, पोशाख, टेम्पो कुठे थांबणार. वेळ बदलून परत आली तर उलट्या क्रमाने विचारत गेलं की कुठे बिघडलं ते लगेच सापडतं.

आधी स्वतः

इ.स.पू. १३४ मध्ये धाकटा स्किपिओ, एमिलियानस, स्पेनमधल्या नुमान्तियासमोरच्या ढेपाळलेल्या फौजेवर गेला. त्याने व्यापारी आणि भविष्य सांगणारे छावणीबाहेर काढले. भांड्यांत एक सळई, एक तांब्याचं पातेलं आणि एक पेला एवढीच मुभा. खाटा बंद, आणि गवतावर झोपणारा पहिला माणूस तो स्वतः. क्रम महत्त्वाचा. सरावात मोबाइल बंद करायचा तर आधी प्रमुखाचा पिशवीत जातो. टेम्पोत ढोल चढवताना प्रमुखाचे हात दिसतात, वडापाव मात्र त्याला शेवटी.

तेवढ्यानेही भागत नाही. ल्युकुलस हा रोमन सेनापती युद्धात अव्वल होता. इ.स.पू. ६९ मध्ये त्याने आर्मेनियातल्या टिग्रानोसर्टाला आपल्यापेक्षा कितीतरी मोठी फौज उधळली. पण हिवाळ्यामागून हिवाळे शिपायांना तंबूत काढायला लावले, त्यांच्यात मिसळणं त्याला जमलंच नाही. शेवटी त्यांनी रिकाम्या थैल्या त्याच्या पायाशी फेकल्या आणि पुढे जायला नकार दिला. रोज दोन गटांजवळ दहा मिनिटं बसा. ठेक्याबद्दल बोलू नका, परीक्षा आणि कामाच्या पाळ्या कधी आहेत ते विचारा. पुढच्या आठवड्याची हजेरी तिथेच कळते.

घरचा नमुना हवा असेल तर पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कोरवलेली प्रशस्ती आहे. पराक्रमाच्या जोडीला त्यात धर्माला धरून कर घेणं आणि अपराधी शत्रूच्याही जिवावर न उठणं हेही मोजलेलं आहे.

एका वेळी एकच शिट्टी

इ.स.पू. २१७ मध्ये कार्थेजच्या हॅनिबलशी थेट भिडायचं नाही हा रोमन सेनापती फेबियसचा हट्ट लोकांना भेकडपणा वाटला आणि त्याचा उतावळा दुय्यम, मिनुसियस, याला बरोबरीचा अधिकार मिळाला. एक दिवस तू, एक दिवस मी, असं त्याने सुचवलं. फेबियसने ते नाकारून सैन्यच वाटून घेतलं. मिनुसियस सापळ्यात सापडल्यावर शाबूत असलेलं अर्धं सैन्य घेऊन फेबियस धावून गेला. मग मिनुसियसने आपणहून अधिकार परत दिला. पुढच्या वर्षी कानाइच्या लढाईत दोन कॉन्सल, म्हणजे रोमचे निवडून आलेले सर्वोच्च अधिकारी, दिवसाआड नेतृत्व करत होते. तिथे एका दिवसात सुमारे ५०,००० रोमन मेले.

तुमच्या पथकातही असा एक असतोच, शेजारच्या पथकाला मागे टाकायला लय वाढवणारा. त्याला आळीपाळीने शिट्टी देऊ नका, एक विभाग पूर्ण द्या: ध्वज किंवा वाहतूक. लयीची शिट्टी वाकडी बारवेपासून शेवटपर्यंत एकाकडेच. तो उतावळा चुकला तर आधी सावरून घ्या, सुनावायची घाई नको.

रस्त्याच्या कडेला उभं राहून सल्ले देणाऱ्या जुन्या सभासदांसाठी एमिलियस पॉलुसचा उपाय आहे. इ.स.पू. १६८ मध्ये मॅसिडोनियाला निघताना त्याने सांगितलं: ज्याला सल्ला द्यायचाय त्याने सोबत यावं, जहाज, घोडा, तंबू मी देतो, नाहीतर गप्प राहावं. जुन्यांना पाण्याची गाडी द्या.

हिशेब

इथे मोठ्या स्किपिओचं अनुकरण करू नये. इ.स.पू. १८७ मध्ये सिनेटमध्ये त्याच्या भावाकडे सीरियाचा राजा अँटिओकस याच्याकडून आलेल्या ५०० टॅलेंटचा हिशेब मागितला गेला, तेव्हा त्याने हिशेबाची वही सगळ्यांसमोर फाडली. त्या दिवशी रुबाब टिकला, पण आरोप थांबले नाहीत. शेवटी तो रोम सोडून लिटर्नमला गेला आणि तिथेच वारला.

सुपारीचे पैसे प्रमुखाच्या खात्यात नकोत. वही दुसऱ्याकडे, खर्चाच्या प्रत्येक पानावर दोन सह्या. अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवसांत जमा (सुपारी, सभासद फी) आणि खर्च (पानं, दोऱ्या, टेम्पो, नाश्ता) यांचा फोटो ग्रुपवर टाका, कुणी मागितला नसला तरी. त्याच दिवशी वाद्यांची यादीही टाका: कोणता ढोल कुणाच्या घरी, किती पानं फाटली, किती कड्या बदलायच्या.