स्टिकरला नको, मशीनलाच विचारा: काळ्या स्क्रीनवरून लॅपटॉप कसा तपासायचा

सुदामा नगरला मावशीकडे पोहे खायला गेलो होतो, पोह्यांवर जिरावण टाकेपर्यंत मावसभावाने नवा म्हणजे आपला सेकंड हँड लॅपटॉप समोर आणून ठेवला. इंदुरातल्याच एका दुकानातून घेतलेला. "दादा, आय-५ आहे, आठवी जनरेशन, आठ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी, आणि रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे म्हणाला, पुढे सोळा करता येईल." की-बोर्डच्या बाजूला तसं चकचकीत स्टिकर पण होतं. मला तेच खटकलं, लॅपटॉपचे कोपरे घासून पांढरे पडलेले आणि स्टिकर मात्र काल छापल्यासारखं.

माझ्या खिशात लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमचा, पेनड्राइव्ह असतोच (हसू नका, कोणी चाव्या ठेवतं, मी हा ठेवतो). पंधरा मिनिटांत काय काय निघालं ते पुढे येईलच, पण आधी पद्धत सांगतो, कारण घरातलं दर दुसरं माणूस मला हेच विचारतं आणि मी दर वेळी फोनवर तेच ते सांगत बसतो. कमांडही, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून द्यायचे हुकूम, इथे फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, अक्षर अक्षर. सगळं स्मॉल लेटरमध्ये आणि जोडून टाइप करायचं, मी स्पेस म्हणेन तिथेच स्पेस द्यायची, आणि डॅश म्हणजे शून्याच्या शेजारची आडवी रेघ.

आता पेनड्राइव्हच कशाला, लॅपटॉपमधल्या विंडोजलाच विचारलं तर नाही का चालणार? चालतं, पण लॅपटॉप विकणाऱ्याच्या हातचा असेल तर माझा त्यावर भरवसा नाही. विंडोज सेटिंगमध्ये प्रोसेसरचं जे नाव दाखवतं ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतून, वाचलेलं असतं, आणि ती ओळ बदलता येते. रिस्टार्ट केल्यावर ती परत खरी होते, पण दर वेळी चालू होताना बदलणारी छोटी स्क्रिप्ट बसवली की झालं. म्हणून आपली सिस्टीम आपण घेऊन जायची, म्हणजे साक्षीदार तरी आपला.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) यांची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली एक फाइल, त्यांच्या साइटवरून उतरवायची आणि रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवायची, फक्त पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं उडतं तेवढं लक्षात ठेवा, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. मग लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावायचा आणि चालू करताना बूट मेन्यूची (लॅपटॉप कशावरून चालू करायचा त्या यादीची) की टपटप दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ-१२, एचपीला एफ-९, आसुसला एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की उबुंटू विचारतं, नुसतं वापरून बघायचं की इन्स्टॉल करायचं, तिथे वापरून बघायचंच निवडा, इन्स्टॉलला हात लावायचा नाही. असं केल्याने लॅपटॉपच्या डिस्कला काही होत नाही. कोणी म्हणेल आधी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या आतल्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम अडवणारं कुलूप, बंद करा, तर गरज नाही, उबुंटू त्यासकट चालतं, आणि उगाच बंद केलंत तर विंडोज पुढच्या वेळी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की मागून बसू शकतं, मग दुकानदार तुमच्यावरच चढेल.

डेस्कटॉप आला की कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी, उघडतं. इथे मावशी डोकावली आणि म्हणाली, "अरे हे काय काळं काळं, व्हायरस तर नाही ना सोडत?" नाही मावशी, विचारतोय फक्त.

पहिला प्रश्न प्रोसेसरचा. एल एस सी पी यू, एंटर. बरीच मोठी यादी येते, त्यातली मॉडेल नेम ही ओळ शोधा. भावाच्या लॅपटॉपवर तिथे आलं: इंटेल कोअर आय-५, ७२०० यू, २.५० गिगाहर्ट्झ. संपलं! ७२०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी जनरेशन, आठवी नाहीच. भाऊ म्हणाला दादा एकाच नंबरचा तर फरक आहे. फरक नंबरचा नाही रे बाबा. त्याच यादीत खाली कोअर पर सॉकेट २ (प्रोसेसरमध्ये काम करणारे भाग किती) आणि थ्रेड पर कोअर २ (एक भाग एका वेळी किती कामं धरतो) आहे, म्हणून वरती सीपीयू ४ दाखवतंय, खरे कोअर दोनच. आठव्या जनरेशनचा ८२५० यू असता तर खरे कोअर चार आणि सीपीयू ८ दिसले असते, म्हणजे काम करणारी माणसं दुप्पट. वरून गंमत अशी की ८२५० यू च्या नावापुढे फक्त १.६० गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसता गिगाहर्ट्झ बघणाऱ्याला जुनाच भारी वाटतो. तो आकडा बेस स्पीडचा आहे, कामाच्या वेळी दोन्ही त्याच्या वर जातात, म्हणून त्यावरून तुलना करूच नका, मॉडेल नंबर आणि कोअर बघा.

आणि सातवी-आठवीचा अजून एक हिशोब आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची मागतं, सातवीतले अगदी मोजके सोडले तर बाकी यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे स्टिकरवरच्या त्या एका आकड्यात सगळा भाव लपलेला. दहाव्या जनरेशनपासून मात्र पहिले दोन अंक बघायचे, १०२१० यू म्हणजे दहावी, ११३५ जी-७ म्हणजे अकरावी, त्याला पहिली जनरेशन समजून परत करू नका.

रॅम. फ्री, स्पेस, डॅश एच. टोटलखाली ७.६ असं काहीतरी येईल, आठच्या जागी. यात दुकानदाराने काही खाल्लेलं नाही, थोडी रॅम ग्राफिक्स आणि बायोस स्वतःकडे ठेवतात. तिथेच फ्रीचा आकडा छोटा दिसला तरी घाबरायचं नाही, लिनक्स रिकामी रॅम कॅशेला, म्हणजे पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवायला, वापरून घेतं, खरी शिल्लक अव्हेलेबलच्या खाली असते.

पण किती रॅम आहे यापेक्षा कशी बसवलीय हे जास्त कामाचं. त्यासाठी: सुडो, स्पेस, डी एम आय डी ई सी ओ डी ई, स्पेस, डॅश टी, स्पेस, मेमरी. सुडो म्हणजे एस यू डी ओ, साहेबाच्या अधिकाराने विचारणं, पेनड्राइव्हवरून चालवताना पासवर्ड मागत नाही. आता मेमरी डिव्हाइस नावाचे गठ्ठे येतील, एका स्लॉटला एक. रिकाम्या स्लॉटसमोर नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड असं येतं. भावाच्या लॅपटॉपवर दोन गठ्ठे, दोन्हीत ४ जीबी. म्हणजे रिकामा स्लॉट वगैरे काही नाही, सोळा करायचे तर दोन्ही काढून टाका आणि आठ-आठच्या दोन नवीन घ्या. तिथेच स्पीड २४०० आणि कॉन्फिगर्ड स्पीड २१३३ दिसलं, ते मात्र बरोबर आहे, कांडी, म्हणजे रॅमची पट्टी, २४००ची असली तरी ७२०० यू डीडीआर-४ ला २१३३ च्या पुढे चालवत नाही. फॉर्म फॅक्टरच्या ओळीत एसओ-डिम असेल तर कांडी निघते, रो ऑफ चिप्स असेल तर रॅम बोर्डावरच डाग दिलेली, ती आयुष्यभर तेवढीच.

एक सावधगिरी, ही कमांड बायोसमध्ये लिहिलेलं वाचून दाखवते, प्रत्यक्ष चिप मोजत नाही. तिच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की ही माहिती बरेचदा अपुरी किंवा चक्क चुकीची असते. कांड्यांचं साधारण बरोबर येतं, मॅक्सिमम कपॅसिटीवर (जास्तीत जास्त किती रॅम बसेल त्यावर) मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तो आकडा लॅपटॉपच्या मॉडेलच्या कागदावरून ताडून घ्या.

आता डिस्क, आणि इथे जरा थांबा, कारण सेकंड हँडमध्ये सगळ्यात जास्त झिजलेली वस्तू हीच, बॅटरीच्या खालोखाल. आधी एल एस बी एल के, स्पेस, डॅश डी, स्पेस, डॅश ओ, स्पेस, मग नेम, साइज, रोटा, मॉडेल हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये फक्त स्वल्पविराम, स्पेस नाही, रोटा म्हणजे आर ओ टी ए. लूप नावाच्या ओळी दिसतील त्या सोडून द्या, आणि आपलाच पेनड्राइव्ह पण यादीत असेल, त्याला लॅपटॉपची डिस्क समजू नका (मी एकदा समजलोय). रोटा १ असेल तर फिरणारी जुनी हार्ड डिस्क, ० असेल तर एसएसडी. ५१२ च्या जागी ४७६.९ दिसलं म्हणून भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, २५६ ची २३८ दिसते आणि १ टीबीची ९३१. भावाची एसएसडी खरीच होती, पूर्ण ५१२. चला, एक तरी गोष्ट खरी.

पण वापर किती झालाय? त्याला डिस्कची तब्येत सांगणारा स्मार्ट-सी-टी-एल लागतो, तो पेनड्राइव्हवर बहुतेक नसतो, मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करून घ्या: सुडो, स्पेस, ए पी टी, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस आणि मग स्मार्ट-मॉन-टूल्स, हे शेवटचं नाव इंग्रजीत जोडून. पॅकेज सापडत नाही म्हणालं तर आधी सुडो, स्पेस, ए पी टी, स्पेस, अपडेट. मग सुडो, स्पेस, स्मार्ट जोडून सी टी एल, स्पेस, डॅश ए, स्पेस, स्लॅश डी ई व्ही स्लॅश आणि पुढे डिस्कचं नाव, जे वर नेमखाली दिसलं तेच, एस डी ए किंवा एन व्ही एम ई-शून्य-एन-एक. पॉवर ऑन अवर्स बघा. वर्षात तास असतात ८७६०. आकडा २१,००० असेल आणि लॅपटॉप ऑफिसात रोज नऊ तास चालला असं धरलं तर ती डिस्क सहा वर्षांच्या वर राबलीय. हार्ड डिस्क असेल तर रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींच्या अगदी शेवटचा आकडा शून्यच हवा, वाढलेला असेल तर किंमत कमी करून घेण्यात अर्थ नाही, ती डिस्कच घ्यायची नाही. एनव्हीएमई (जिचं नाव एन व्ही एम ई ने सुरू होतं ती) एसएसडीला पर्सेंटेज यूज्ड, म्हणजे आयुष्य किती टक्के वापरलं गेलं, अशी सरळ ओळ येते, तिथे ३ लिहिलंय की ८३ तेवढं वाचता आलं की पुरे.

ग्राफिक्सला एल एस पी सी आय. यादीत व्हीजीए शब्द शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका. वेगळं एनव्हिडिया कार्ड लॅपटॉपमध्ये बरेचदा थ्रीडी कंट्रोलर नावाने येतं, मी एका मित्राला "कार्ड नाहीच यात" असं छातीठोक सांगून बसलो होतो आणि ते चार ओळी खाली होतं.

बॅटरी: यू पॉवर, जोडून, स्पेस, डॅश डी. एनर्जी फुल डिझाइन म्हणजे नवीन असताना किती मावायचं, एनर्जी फुल म्हणजे आता किती मावतं. भावाच्यात ४२ पैकी २३, म्हणजे ५५ टक्के. चार्जर सोबत ठेव म्हटलं.

दुकानदार पेनड्राइव्ह लावूच देत नसेल (तिथेच अर्धं उत्तर मिळालं, भिया), किंवा लॅपटॉप आपलाच असेल, तर विंडोजमध्ये पॉवरशेल (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) उघडा. गेट-डॅश-फिजिकल-डिस्क लिहिलं की मीडिया टाइपमध्ये एसएसडी की एचडीडी ते येतं. रॅमच्या कांड्यांसाठी गेट-डॅश-सिम-इन्स्टन्स, सिम सी ने, स्पेस, विन-३२, अंडरस्कोअर, फिजिकल-मेमरी, तिथे कपॅसिटी बाइटमध्ये येते, ४२९४९६७२९६ असा राक्षसी आकडा म्हणजे ४ जीबी. पॉवर-सी-एफ-जी, स्पेस, स्लॅश, बॅटरी-रिपोर्ट लिहिलं तर बॅटरीचा अख्खा इतिहास एका फाइलमध्ये मिळतो, फाइल कुठे ठेवली ते स्क्रीनवरच सांगतं. जुन्या व्हिडिओत डब्ल्यूएमआयसी नावाची कमांड सांगतात, ती मायक्रोसॉफ्टने मोडीत काढलीय, नव्या विंडोज ११ वर चालली नाही तर तुमची चूक नाही.

भावाचं पुढे काय झालं? आम्ही दोघं त्याच संध्याकाळी दुकानात गेलो, मी काही बोललोच नाही, काउंटरवर पेनड्राइव्ह लावला आणि एल एस सी पी यू मारलं. दुकानदार म्हणाला, "भिया, स्टिकर तो पीछे से ही ऐसे आया था." लॅपटॉप परत नाही घेतला, पैसे थोडे सोडले. भाऊ त्यावर आता लिनक्स मिंटच वापरतोय, टॅली सोडून बाकी सगळं चालतं म्हणतो.

आणि हे सगळं करून मला पाठवायचं असेल तर स्क्रीनचा तिरपा फोटो नको, वाचता येत नाही. कमांडच्या शेवटी स्पेस, मोठं-पेक्षाचं चिन्ह, स्पेस आणि फाइलचं एखादं नाव लिहा, सगळं उत्तर फाइलमध्ये जातं. पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर बंद करायच्या आधी ती फाइल स्वतःलाच मेल करा, नाहीतर बंद केल्यावर उडते. आणि सिरीयल नंबरच्या ओळी आधी पुसा, फॅमिली ग्रुपवर तर नक्कीच.