‘टिल’ लिहिण्याआधी थांबा: इंग्रजी मेलमधल्या या चुका टाळा

सोलापुरातल्या टॉवेल-चादरवाल्यांचे परदेशी मेल तपासून देणं हे माझं काम. संध्याकाळी बँकेच्या आणि एसएससीच्या (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) परीक्षांना बसणाऱ्या पोरांना इंग्रजी शिकवतो. दोन्हीकडे लाल पेन एकाच जागी अडतं. स्पेलिंग हल्ली मोबाइलच सुधारतो, काळही बहुतेकांचे बरे असतात. पण इन, ऑन, टू, फॉर, बाय ही जी बारकी मंडळी आहेत, म्हणजे प्रेपोझिशन, त्यांनी वैताग आणलाय. मालक वेगळे, पोरं वेगळी, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागडी चूक ‘पर्यंत’ची. ‘20 तारखेपर्यंत दुकान उघडं आहे’ आणि ‘20 तारखेपर्यंत पैसे द्या’, आपल्याला दोन्हीकडे एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीला पुरत नाही. एखादी गोष्ट त्या तारखेपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. त्या तारखेच्या आत एकदा होऊन संपणार असेल तर ‘बाय’. दुकान ओपन टिल द ट्वेंटिएथ, पण पेमेंट बाय द ट्वेंटिएथ.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव विचारू नका. परदेशातल्या पार्टीला त्यांच्या ऑफिसातून मेल गेला, ‘वी विल शिप द गुड्स टिल द ट्वेंटिएथ’. यांच्या मनात होतं की 20 तारखेच्या आत सगळा माल एकदम न्हावा शेवा बंदरातून निघेल. पार्टीने वाचलं की माल टप्प्याटप्प्याने निघत राहणार आणि 20 तारखेला शेवटची खेप. महिना सुरू झाला तशी त्यांची विचारणा सुरू झाली, पहिली खेप कुठे आहे? इकडे सूत नुकतंच लूमवर चढलेलं. कारखान्याने दिलासा म्हणून उत्तर पाठवलं, ‘डोन्ट वरी, टिल ट्वेंटिएथ वी विल शिप’. म्हणजे तीच चूक पुन्हा, वर धीर देऊन. तिकडे पार्टीने तोवर आपल्या गिऱ्हाइकांना पहिल्या खेपेचा शब्द देऊन टाकला होता.

भाषा तापली तेव्हा मालकांनी मला मेलची अख्खी साखळी वाचायला बोलावलं. मी ‘टिल’वर बोट ठेवलं, तर टाइप करणारा पोरगा म्हणाला, “सर, पर्यंत म्हणजे टिलच की!” शेवटी थोडा माल विमानाने गेला. टेरी टॉवेल कसा फुगतो आणि किती जागा खातो हे ज्याला माहीत आहे त्याला विमानभाड्याचा अंदाज येईल. उरलेल्या मालावर सूट द्यावी लागली ती वेगळीच.

यात चीड आणणारी गोष्ट अशी, की मोबाइल किंवा कॉम्प्युटर अशा वाक्याखाली सहसा लाल रेघ मारत नाही. व्याकरणात वाक्य बसतं, फक्त अर्थ दुसरा निघतो. त्यामुळे ‘ॲपमधून तपासून घेतलंय सर’ असं कोणी म्हणालं की मी ‘पर्यंत’च्या जागा आधी बघतो.

माझी सवय साधी आहे. मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘20 तारखेच्या आत पैसे द्या’ हे बसतं, म्हणजे ‘बाय’. ‘20 तारखेच्या आत दुकान उघडं आहे’ हे कानाला खटकतं, म्हणजे ‘टिल’. पाठ काही करावं लागत नाही. जाता जाता याचंच भावंड: ‘इन टू वीक्स’ म्हटलं की समोरचा बहुधा दोन आठवडे सरल्यावर असं धरतो. त्याआधी केव्हाही माल जाणार असेल तर ‘विदिन टू वीक्स’ लिहा.

दुसरी चूक पैशाने स्वस्त, पण डोक्याला जास्त ताप देणारी. ‘वी डिस्कस्ड अबाउट द रेट.’ ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, डिस्कस द रेट, संपलं. हे शंभरदा सांगून झालं की पोरं उलट विचारतात, मग त्या पुस्तकात ‘डिस्कशन अबाउट’ कसं छापलंय? तर मुद्दा तोच आहे, आणि यादी पाठ करणाऱ्यांच्या तो कधीच हाती लागत नाही. क्रियापद असताना शब्द एकटा चालतो, नाम झाला की त्याला सोबत लागते. ‘वी ऑर्डर्ड 500 टॉवेल्स’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर 500 टॉवेल्स’. ‘वी रिक्वेस्ट पेमेंट’, पण ‘अवर रिक्वेस्ट फॉर पेमेंट’. डिमांड तसंच. ‘दे व्हिजिटेड सोलापूर’, पण ‘देअर व्हिजिट टू सोलापूर’. ‘एम्फसाइज क्वालिटी’, पण ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’. ‘लॅक’ क्रियापद असेल तर नुसतं, नाम असेल तर ‘लॅक ऑफ’.

म्हणून मी शब्दाच्या आधी काय आहे ते बघतो. ‘अ’, ‘द’, ‘अवर’, ‘युअर’ असं काही असेल तर तो नाम आहे, पुढे जोडीदार शोधायचा. ‘वी’, ‘दे’, ‘प्लीज’ असेल तर हात आखडता घ्यायचा. सगळीच क्रियापदं एकटी राहत नाहीत, हे खरंच. ‘लिसन’ला ‘टू’ हवाच, ‘डिपेंड’ला ‘ऑन’, ‘कन्सिस्ट’ला ‘ऑफ’. पण ‘कम्प्राइज’ला ‘ऑफ’ नको. आणि ‘एक्स्प्लेन मी’ कृपा करून लिहू नका, ‘एक्स्प्लेन इट टू मी’.

आता ‘वर’. ‘तो माझ्यावर चिडला’चं पोरं ‘अँग्री ऑन मी’ करतात. सोलापुरात गंमत अशी की पूर्व भागातलं तेलुगू घरातलं पोर आणि अक्कलकोटकडचं कन्नड घरातलं पोर हीच चूक करतं, कारण तेलुगूत ‘मीद’ आणि कन्नडात ‘मेले’ म्हणजे आपला ‘वर’च. तिन्ही घरांत राग माणसावरच येतो. इंग्रजीत तो ‘विथ’ने येतो, हसू ‘ॲट’ने, विश्वास ‘इन’ने, आणि ‘लव्ह’ला तर काहीच लागत नाही. घात होतो तो ‘डिपेंड ऑन’ आणि ‘रिलाय ऑन’मुळे. तिथे ‘वर’ आणि ‘ऑन’ योगायोगाने जुळतात, आणि पोरगं समजतं की नियम सापडला. लग्नाचंही तसंच. आपण कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ येतं. तिथे ‘मॅरीड टू’.

बाकीच्या पटापट. हुतात्मा एक्स्प्रेस ‘रीच्ड सोलापूर’, ‘रीच्ड टू’ नाही. ‘अराइव्ह’ वापरायचं तर शहरात ‘इन’, स्टेशनवर ‘ॲट’. एसटीत, रेल्वेत, विमानात ‘ऑन’. कारमध्ये, रिक्षात ‘इन’. मोटारसायकलवर पुन्हा ‘ऑन’. ‘सिन्स टू इयर्स’ नाही, ‘फॉर टू इयर्स’. ‘सिन्स’ नेमक्या वेळेला, म्हणजे ‘सिन्स 2019’. ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ यांच्यामागे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो. ‘इन्फीरियर टू द सॅम्पल’ हे तक्रारीच्या मेलमध्ये हमखास लागतं. ‘प्रीफर’लाही ‘टू’. ‘गुड ॲट मॅथ्स’, पण ‘वीक इन मॅथ्स’. का, ते मला विचारू नका. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ कुठून आला देव जाणे, ‘कोप विथ’ एवढंच. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ही काढा.

‘ॲग्री’ जरा नीट बघा. माणसाशी किंवा त्याच्या मताशी पटलं तर ‘ॲग्री विथ’. प्रस्ताव किंवा अट मान्य केली तर ‘ॲग्री टू’. दोघांचं मिळून एका भावावर ठरलं तर ‘ॲग्री ऑन’. ‘वी ॲग्री विथ युअर प्राइस’ लिहिलंत तर भाव योग्य वाटतो एवढंच समजतं, सौदा पक्का झाला की नाही ते कळत नाही.

क्लासला नवीन आलेलं पोर पहिल्याच दिवशी विचारतं, “सर, सगळ्या प्रेपोझिशनची पीडीएफ आहे का?” आहे, शंभर ठिकाणी आहे, आणि ती पाठ करून कोणाला मेल लिहिता आलेला मी पाहिला नाही. ‘ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत’ असं घोकलं की ‘अँग्री ऑन’ होणारच. मी वही ठेवतो. त्यात नुसता शब्द कधी लिहीत नाही, कोणाच्या तरी खऱ्या मेलमधलं पूर्ण वाक्य उतरवतो आणि जोडीखाली रेघ मारतो. शंका आलीच तर विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात तो शब्द काढायचा, तिथे सोबतचा प्रेपोझिशन बहुतेक ठळक छापलेला असतो. इंग्रजी-मराठी कोशात तो सहसा नसतो. इंग्रजी-इंग्रजी कोशातही न सापडलं तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे. त्यात 10 कोटी शब्दांचं खरोखर लिहिलं-बोललं गेलेलं इंग्रजी आहे, जोडी टाकून माणसं ती कशी वापरतात ते बघता येतं. याला वेळ लागतो. घाईवाल्यांनी पीडीएफ घ्यावी.

मेलच्या शेवटची चूक राहिली. ‘लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ नाही, ‘हिअरिंग’. इथला ‘टू’ प्रेपोझिशन आहे, त्यापुढे ‘-इंग’ येतो. ‘युज्ड टू’ ‘सवय झालेली आहे’ या अर्थाने आला तरी तेच: ‘वी आर युज्ड टू वर्किंग ॲट नाइट’.

काही ठिकाणी इंग्रजांचं आणि अमेरिकनांचंच जुळत नाही. ‘डिफरंट फ्रॉम’ दोघांना चालतं, ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत, ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये. ‘ॲट द वीकएंड’ ब्रिटनचं, ‘ऑन द वीकएंड’ अमेरिकेचं. ‘राइट मी’ अमेरिकन लिहितो, इंग्रज ‘राइट टू मी’. त्यावर वाद घालत बसू नका. पार्टी कुठली आहे ते बघा आणि ती लिहिते तसं लिहा.