धरणाकाठच्या घरी सामान हलवताय? या चुका टाळा

पानशेत, वरसगाव, मुळशी नाहीतर पवना धरणाच्या काठावर घर बांधून झालं की कोथरूडच्या फ्लॅटमधला जुना पलंग, फ्रिज, कपाटं तिकडे रवाना करायचं ठरतं. पॅकर्सवाल्याला फोन जातो: टू बीएचकेचं सामान, पुणे ते पानशेत, चाळीसेक किलोमीटर. पाच मिनिटांत भावही येतो. तो भाव त्या चाळीस किलोमीटरचा असतो. डांबर संपल्यापासून उंबऱ्यापर्यंतचे दोन-तीनशे मीटर त्यात धरलेले नसतात, कारण ते कुणी सांगितलेलेच नसतात. फुटतूट, वाढीव पैसे, अंधार पडताना रस्त्याकडेला उतरवून ठेवलेलं सामान, ही सगळी रडगाणी त्या दोन-तीनशे मीटरांतली.

"आमची कार जाते की!"

कार जाते म्हणून टेम्पो जाईलच असं नाही. टाटा चारशे सात टेम्पोची बॉडी सव्वासहा-साडेसहा फूट रुंद असते, आरसे धरून आणखी जास्त. सरळ रस्त्यावर नऊ फूट मोकळी जागा हवी आणि वळणावर बारा-चौदा. म्हणून आधी टेप घेऊन पायी चाला. सगळ्यात अरुंद जागा बहुतेक फाटकाचीच निघते. फाटक दहा फुटांचं असलं तरी वळून लगेच आत शिरायचं असेल तर ते सात फुटांइतकंच उपयोगी.

उंचीसाठी अकरा फुटी बांबू उभा धरून वाट चाला. बंद कंटेनरची चौदा फुटी आयशर जमिनीपासून दहा-अकरा फुटांपर्यंत जाते. आंब्याच्या फांद्या आदल्या दिवशी छाटता येतात. महावितरणची लोंबणारी सर्व्हिस वायर मात्र वायरमनकडूनच वर घ्या. टपावर हमाल चढवून काठीने वायर उचलायची पद्धत सर्रास दिसते. पावसाळी हवेत ती जिवावर बेतते. बांबू वायरखाली धरतानाही हाच नियम, टेकवायचा नाही. नजरेने अंदाज आला तरी पुरे.

उतार मोबाइलमधल्या लेव्हलने मोजा. सहा फुटांना एक फूट म्हणजे साधारण साडेनऊ अंश. याहून तीव्र मुरमाड वाट असेल तर गाडीवाल्याला आकडा सांगून विचारा. "थोडा चढ आहे" याला काही अर्थ नसतो.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. धरणाकाठची घरं रस्त्याच्या खालच्या अंगाला असतात. भरलेला पिकअप आरामात उतरतो आणि सगळे निश्चिंत होतात. रिकामा झालेला तोच पिकअप वर चढत नाही. जोर मागच्या चाकांना असतो, त्यांच्यावरचं वजन निघून गेलेलं असतं, त्यामुळे चाकं जागच्या जागी फिरत राहतात. उपाय सोपा आहे: वाळूची सहा-आठ पोती घराजवळ तयार ठेवा आणि परतताना मागच्या ॲक्सलच्या वर टाका. दोन-अडीचशे किलोंनी फरक पडतो. वर डांबरावर पोचल्यावर पोती काढून घ्या.

आणि जमिनीखालीही बघा. सेप्टिक टँकचं झाकण, चेंबर, अर्धा फूट खोल पुरलेला पीव्हीसी पाइप, हे सगळं माणसाच्या वजनासाठी केलेलं असतं, तीन-चार टनांच्या गाडीसाठी नाही. या जागांभोवती चुन्याची रेघ मारा आणि दगड ठेवा. ड्रायव्हर रिव्हर्स घेताना मागचं सगळं पाहत नाही. तो फक्त हेल्परच्या "आने दो"वर चालतो.

एकच मोठी गाडी घरापर्यंत न्यायचा हट्ट

एका फेरीत काम झालं तर स्वस्त, हे शहरात खरं. इथे मोठी गाडी डांबरावर थांबवून पुढे लहान गाडीने फेऱ्या मारणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं, कारण अडकलेल्या आयशरचा एक दिवस लहान गाडीच्या भाड्यापेक्षा महाग असतो. सतरा फुटी गाडीतलं सामान पिकअपच्या साधारण तीन फेऱ्यांत जातं, छोटा हत्ती असेल तर चार-पाच. छोट्या हत्तीची ताकद पाऊण टनाच्या आसपास, पिकअपची सव्वा ते पावणेदोन टन. पण पलंग-कपाटांत जागा आधी संपते, वजन नंतर. उलट पुस्तकं, कडप्पा आणि जिमचं सामान असलं की हत्ती अर्धा रिकामा दिसत असतानाच स्प्रिंग बसलेली असते.

लहान गाडी पुण्यातूनच आणायची की गावातून घ्यायची? गावातली घ्या. त्या ड्रायव्हरला कुठल्या वळणावर कडेला माती भुसभुशीत आहे ते ठाऊक असतं. मात्र आदल्या आठवड्यात ठरवा, आणि भाडं फेरीवर की दिवसावर हे स्पष्ट करा. ट्रॅक्टर-ट्रॉलीही मिळते आणि वाईट वाटेवर तीच जाते, पण ट्रॉलीला स्प्रिंगा नसतात. गाद्या, लोखंडी पलंग, प्लास्टिकचे पिंप तिच्यावर घाला. फ्रिज, काचेचं टेबल आणि टीव्ही तिच्यावर नकोत.

मोठी गाडी जिथे थांबणार तिथे तिला पाच-सहा तास उभं राहायला जागा हवी. एसटीच्या वळणावर किंवा कुणाच्या शेताच्या तोंडाशी लावली की अर्ध्या तासात वाद सुरू होतो. शाळेचं मैदान, देवळासमोरची मोकळी जागा, हॉटेलचं आवार, जे काही असेल ते आधी विचारून ठेवा. वाट शेजाऱ्याच्या शेतातून जात असेल तर त्यालाही सांगा. बंगल्यांच्या प्लॉटिंगमध्ये घर असेल तर गेटवर मालवाहू गाडीची वेळ आणि वजनाची मर्यादा विचारा. रविवारी आत सोडत नाहीत असे प्रकल्प आहेत.

हाती वाहण्याचं अंतर न सांगणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बांधकामवाले याला "लीड" म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. पॅकर्सही लावतात, फक्त आधी न सांगता.

हिशोब करून बघा. साठ खोकी, शंभर मीटरची पायवाट आणि वीस पायऱ्या. एक खोकं नेऊन परत यायला पाच मिनिटं, म्हणजे साठ खोक्यांना एका माणसाचे पाच तास. फ्रिज, कपाट, पलंगाच्या फळ्या असे मोठे पंधरा नग, प्रत्येकाला तीन माणसं आणि बारा मिनिटं: हे नऊ तास. एकूण चौदा. चार हमाल असतील तर साडेतीन तास, आणि दम खाणं, पाणी, जेवण धरलं तर पाच. गाडी दाराशी लागली असती तर हेच काम दीड-दोन तासांचं होतं. चारऐवजी सहा माणसं मागा. जादा दोघांची मजुरी रात्र पडण्यापेक्षा परवडते.

व्हिडिओ कॉलवर फक्त घरातलं सामान दाखवू नका. धरणाकडच्या घरी उभं राहून, गाडी थांबायच्या जागेपासून दारापर्यंत चालत एक सलग व्हिडिओ काढा आणि पाठवा. मग भाव मागा.

मुरमावर हातगाडीची लहान चाकं रुततात. अठरा मिलिमीटरच्या प्लायचे दोन-तीन तक्ते न्या. एकावरून ट्रॉली पुढे गेली की मागचा उचलून पुढे टाकायचा. फ्रिजसाठी खांद्यावरचे पट्टे मागा. एकशे पन्नास एएचची इन्व्हर्टर बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, आणि आडवी झाली तर ॲसिड सांडतं, म्हणून तिला दोन माणसं आणि उभी पेटी. गॅस सिलिंडर, जनरेटरचं पेट्रोल, रंगाचे थिनर मूव्हर्सच्या गाडीत घालू नका. नियमाने चालणारे ते घेतही नाहीत.

पाणी उतरलंय म्हणून गाळावरून गाडी

एप्रिल-मे महिन्यात पाणी खाली जातं आणि काठावर रुंद, सपाट, भेगाळलेली जमीन उघडी पडते. अवघड वळणाची वाट टाळून तिच्यावरून सरळ जावं असा मोह होतो. वरचे चार-सहा इंच वाळलेले असतात, खाली लोण्यासारखा गाळ. कार कदाचित निघून जाईल. भरलेल्या टेम्पोचं मागचं चाक कवच फोडून ॲक्सलपर्यंत बसतं. शिवाय ती जमीन धरणाची असते, तुमची नाही.

उलट टोक पावसाचं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर मुळशी-ताम्हिणीकडे ठरवूनही सामान हलवू नका. ऑगस्टपर्यंत पाणी काठाला लागतं आणि उन्हाळ्यात पाहिलेली खालची वाट गायब झालेली असते. पाऊस थांबला तरी मुरूम लगेच घट्ट होत नाही, दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं. नोव्हेंबर ते मे यांतला मंगळवार-बुधवार घ्या. शनिवार-रविवारी सिंहगड रोड आणि पिरंगुटच्या बाजूला गाडी अडकते, आणि हमालांचे तास तिथेच संपतात. पुण्यातून सहाला निघा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा शेवटचा नग चारपर्यंत आत हवा.

घर पाण्यापलीकडे असेल आणि होडीशिवाय गत्यंतर नसेल तर फ्रिज-कपाटं लांबच्या रस्त्यानेच न्या, कितीही वळसा पडो. होडीत फक्त खोकी आणि गाद्या, वजन तळाशी, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि सकाळीच. दुपारी वारा सुटला की भरलेली होडी हेलकावे खाते.

लोकेशन पाठवलं की झालं?

पानशेत आणि वरसगाव ही धरणं अगदी शेजारी आहेत. नकाशावर पिन पाहून आलेला ड्रायव्हर चुकीच्या काठाला पोचतो आणि घर समोर, मध्ये पाणी, अशी गंमत होते. तिथून परतायचं तर तास मोडतो. नेटवर्कही ऐनवेळी जातं. म्हणून कागदावर खुणा लिहून द्या: कुठला फाटा, कुठल्या गावची झेडपी शाळा, कुठल्या देवळापाशी डावीकडे. शेवटच्या खात्रीच्या नेटवर्कच्या जागी तुमचा माणूस बाइक घेऊन उभा ठेवा. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआय नाही. लहान गाडीचं भाडं आणि जादा हमाली रोखीत जवळ ठेवा.

तोंडी ठरवणं

"सगळं धरून" या शब्दांवर विसंबू नका. कोटेशनमध्ये या गोष्टी स्वतंत्र ओळींवर हव्यात: गाडी कुठे थांबणार, पुढच्या लहान गाडीचे पैसे कोण देणार, किती मीटर आणि किती पायऱ्या, हमाल किती, गाडी थांबवून ठेवल्यास तासाला किती, अवेळी पाऊस आला तर दुसऱ्या तारखेचं काय, जीएसटी धरून की वेगळा. गावातली मंडळी उतरवून घ्यायला पुढे आली तर त्यांची हमाली कोणाकडे, हेही. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नाव तेच आहे का पाहा. ॲडव्हान्स दहा-वीस टक्क्यांवर नको, आणि शेवटचा मोठा हिस्सा सामान घरात आल्यावर.

विम्याच्या नावाखाली मालाच्या किमतीच्या ठरावीक टक्के घेतात. ती विमा कंपनीची पॉलिसी आहे की मूव्हर्सचा स्वतःचा कागद, हे विचारा. पॉलिसी असेल तर गाडी बदलताना आणि हाताने वाहताना झालेलं नुकसान धरलेलं आहे का, एवढा एकच प्रश्न पुरेसा, कारण तुमचं नुकसान तिथेच होणार. बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, मालाची किंमत लिहून घ्या. पोचपावतीवर सही करण्याआधी फुटलेल्या वस्तूचा फोटो आणि पावतीवरच शेरा. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यानुसार दाव्याआधी लेखी नोटीस लागते आणि ती बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत. वाटेत अडवून जादा पैसे मागितले तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

तरीही गाडी रुतली तर

पहिली गोष्ट: ॲक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. अर्धं सामान उतरवा, तेही मागच्या टोकाचं आधी असं नव्हे, तर जड असेल ते आधी. चाकापुढची माती फावड्याने उतरती कापा, खड्ड्यात हाताएवढे दगड आणि वर बारदान किंवा प्लायचा तक्ता द्या, आणि सावकाश पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्समध्ये, जी बाजू चढाची नसेल तिकडे काढा. दोन प्रयत्नांत नाही निघाली तर ट्रॅक्टर बोलवा. साखळी चॅसिसच्या हुकालाच, बंपरला नाही, आणि ओढताना साखळीच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. तुटलेली साखळी पाय मोडते.

घरात आल्यावर गुंडाळलेली प्लास्टिक फिल्म त्याच दिवशी सोडा. पाण्याकाठच्या दमट हवेत प्लायच्या कपाटाला आणि गादीला आत बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून तीन-चार इंच लांब ठेवा. फ्रंटलोड मशीनचे ट्रान्झिट बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालवू नका, आणि ते बोल्ट फेकू नका. फ्रिज वाटेत आडवा झाला असेल तर उभा करून रात्रभर तसाच राहू द्या, सकाळी चालू करा.